वहीतील नाव : लिनक्स कर्नलच्या दुरुस्त्या आणि महाराष्ट्रातील तीन नोंदी

#थ्रेड #इतिहास #नाशिक

१/
नाशिक आणि त्र्यंबकेश्वर येथील तीर्थोपाध्यायांकडे पिढ्यानपिढ्या जपलेल्या वह्या आहेत. गोदावरीच्या स्नानासाठी किंवा श्राद्धविधीसाठी आलेला यात्रेकरू त्या वहीत आपले नाव, वडील-आजोबांची नावे, भाऊबंद, मूळ गाव आणि आल्याची मिती नोंदवतो आणि खाली सही करतो. जुन्या नोंदी मोडीत, अलीकडच्या देवनागरीत. राजघराण्यांच्या नोंदी जशा तेथे आहेत, तशाच ज्यांचे नाव कोणत्याही बखरीत येणार नाही अशा असंख्य कुटुंबांच्याही आहेत.

२/
इतिहासाच्या अभ्यासकाला या वहीचे मोल मोठे आहे. बखर पराक्रम सांगते. वही फक्त इतकेच सांगते की अमुक माणूस अमुक दिवशी येथे आला होता. सामान्य माणसाला इतिहासात जागा मिळते ती बहुधा अशाच रुक्ष नोंदींतून. आजच्या जगातही अशी एक वही आहे. ती कागदावर नाही, पण तिच्यातही नाव, तारीख आणि सही असते. ती आहे लिनक्स कर्नलच्या दुरुस्त्यांची वही. महाराष्ट्राच्या अर्वाचीन इतिहासातील काही पाने तिच्यात आहेत, आणि ती वाचली मात्र फारशी जात नाहीत.

३/
प्रथम थोडी ओळख. संगणकाचे यंत्र आणि त्यावर चालणारे प्रोग्राम यांच्यामध्ये एक कारभारी बसलेला असतो. स्मृती कोणाला किती द्यायची, प्रोसेसरचा वेळ कसा वाटायचा, फाइल कोठे ठेवायची हे तो ठरवतो. हाच कर्नल. प्रत्येक उपकरणाची भाषा निराळी असल्यामुळे कर्नलला दुभाषी लागतात. त्यांना ड्रायव्हर म्हणतात. कारभाऱ्याच्या किंवा दुभाष्याच्या कामातील चूक म्हणजे बग आणि ती सुधारणारा मजकूर म्हणजे पॅच, अर्थात ठिगळ. संगणकाच्या जगात ठिगळ लावणे कमीपणाचे मानले जात नाही. बहुतेक सगळी वाढ ठिगळांनीच होते.

४/
हेलसिंकीचा २१ वर्षांचा विद्यार्थी लिनस टॉरवाल्ड्स याने २५ ऑगस्ट १९९१ रोजी आपल्या छोट्या ऑपरेटिंग सिस्टिमची घोषणा केली. नाशिककरांना हे वर्ष लक्षात ठेवणे सोपे आहे; ते सिंहस्थाचे वर्ष होते. पहिल्या आवृत्तीत साधारण १० हजार ओळी होत्या. १९९२ मध्ये टॉरवाल्ड्सने ती जीपीएल या परवान्याखाली आणली : कोणीही वाचावे, बदलावे, वाटावे, मात्र बदललेले वाटताना त्याचा मूळ मजकूरही खुला ठेवावा. आज कर्नलमध्ये ३ कोटींहून अधिक ओळी आहेत आणि त्यांतील निम्म्याहून अधिक ड्रायव्हरांच्या आहेत.

५/
भारतात ही प्रणाली आली ती घेण्याची वस्तू म्हणून. सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा सुरू झाली १५ ऑगस्ट १९९५ रोजी. ती महाग होती आणि अतिशय मंद होती. अशा काळात, १९९६ मध्ये, ‘पीसी क्वेस्ट’ मासिकाने लिनक्सची सीडी अंकाबरोबर वाचकांना दिली. या उपक्रमामागे अतुल चिटणीस यांचा पुढाकार होता. पुढे २००१ पासून बंगळुरात भरू लागलेल्या आणि नंतर ‘फॉस डॉट इन’ या नावाने ओळखल्या गेलेल्या परिषदेचेही ते प्रमुख संयोजक होते. अनेकांना त्या सीडीमुळे लिनक्स प्रथम भेटले. प्रश्न मात्र लगेच उभा राहिला : घेणारे हजारो झाले, देणारे कधी होणार?

६/
देणाऱ्यांची नोंद नीट ठेवण्याची गरज एका खटल्याने निर्माण केली. मार्च २००३ मध्ये, म्हणजे पुढच्या सिंहस्थाच्या वर्षी, एससीओ या अमेरिकी कंपनीने आयबीएमवर दावा ठोकला. आपल्या मालकीच्या युनिक्समधील मजकूर लिनक्समध्ये घुसवला गेला, असा तिचा आरोप होता. दावा वर्षानुवर्षे रेंगाळला. पण त्याने एक अडचणीचा प्रश्न सर्वांसमोर ठेवला. कर्नलमधील अमुक ओळ कोणी लिहिली आणि ती देण्याचा त्याला अधिकार होता का, हे दाखवणारा पद्धतशीर कागद कोठे होता?

७/
उत्तर म्हणून मे २००४ मध्ये एक प्रतिज्ञापत्र ठरले. पॅच पाठवणाऱ्याने त्याखाली ‘साइन्ड-ऑफ-बाय’ असे लिहून आपले नाव घालायचे. अर्थ असा की, हा मजकूर देण्याचा मला अधिकार आहे आणि त्याची नोंद कायम राहील हे मला मान्य आहे. पॅच ज्या ज्या हातांतून पुढे जाईल, ते प्रत्येक जण आपली सही खाली जोडतात. अव्वल लेखकापासून टॉरवाल्ड्सपर्यंतची ही साखळी पेशवे दफ्तरातील कागदावरच्या शेऱ्यांसारखी वाचता येते.

८/
एप्रिल २००५ मध्ये वहीच बदलली. तोवर वापरात असलेल्या बिटकीपर या साधनाची मोफत सवलत बंद झाली, तेव्हा टॉरवाल्ड्सने काही आठवड्यांत ‘गिट’ हे स्वतःचे साधन उभे केले. कर्नलची आजची मुख्य वही त्या महिन्यापासून सुरू होते. गिटमध्ये जुनी नोंद खोडली जात नाही. महाराष्ट्रातील वाचकाला हे समजण्यास फेरफार नोंदवही पुरे. सातबाऱ्यावरील जुने नाव कंसात जाते, नवे नाव फेरफार क्रमांकासह चढते आणि दोन्ही दिसत राहतात. कर्नलमध्येही दुरुस्तीची नोंद अनेकदा ‘फिक्सेस’ असे म्हणून मूळ चुकीच्या नोंदीचा क्रमांक देते. चूक, चूक दाखवणारा आणि चूक सुधारणारा असे तिघेही एकाच साखळीत राहतात.

९/
आता पहिली नोंद. १८ जुलै २००७. नाव : कल्पक शाह, पुढे पुण्यात स्वतःची कंपनी चालवणारे अभियंते, त्या वेळी ‘क्लस्टर फाइल सिस्टिम्स’ या कंपनीत. विषय : ईएक्सटी४ या फाइल सिस्टिममधील वेळेची नोंद. फाइल सिस्टिम म्हणजे कर्नलचे दफ्तरखाते. कोणती फाइल कोठे आहे, केव्हा बदलली, हे ते सांभाळते. ईएक्सटी४ ची त्या वेळी बांधणी चालू होती. आज असंख्य सर्व्हर तिच्यावर चालतात आणि अँड्रॉइड फोनांमध्येही ती मोठ्या प्रमाणावर वापरली गेली.

१०/
जुन्या ईएक्सटी३ समोर काळाची भिंत होती. युनिक्स परंपरेत वेळ १ जानेवारी १९७० पासूनच्या सेकंदांत मोजतात. तोच या गणनेचा शक. ईएक्सटी३ त्यासाठी ३२ बिटांची जागा ठेवत असे. एवढ्या जागेत मावणारा काळ १३ डिसेंबर १९०१ पासून १९ जानेवारी २०३८ पर्यंतचा. भारतीय वेळेनुसार त्या दिवशी सकाळी ८ वाजून ४४ मिनिटे ७ सेकंद झाले की पुढच्या सेकंदाला गणती मागे उडी घेऊन १९०१ मध्ये जाते.

११/
नव्या पॅचने प्रत्येक वेळेसाठी आणखी ३२ बिट जोडले. त्यांतील ३० बिट नॅनोसेकंदांना दिले. एका सेकंदाचे १०० कोटी भाग होतात आणि ३० बिटांत १०७ कोटींपर्यंतचा आकडा मावतो, म्हणून जागा बरोबर पुरते. उरलेले २ बिट वर्षांकडे वळवले. दोन बिटांच्या चार शक्यता, प्रत्येक शक्यतेला सुमारे १३६ वर्षे. त्यामुळे मर्यादा २०३८ वरून थेट २४४६ वर गेली. दोन बिटांत ४०८ वर्षांची भर. हा बदल ऑक्टोबर २००७ च्या २.६.२३ या आवृत्तीतून जगभर गेला. नोंदीखाली शाह यांच्यासह ईएक्सटी४ च्या इतर ज्येष्ठ विकासकांच्या सह्या आहेत.

१२/
या पॅचमध्ये एक बारीक चूक राहून गेली होती. ऋण संख्या, म्हणजे १९७० पूर्वीच्या तारखा, आणि २०३८ नंतरच्या तारखा यांची खालची ३२ बिटे सारखीच दिसतात. त्यांच्यातील फरक त्या दोन बिटांनी दाखवायचा होता, पण लिहिताना आणि वाचताना चिन्हाचा हिशेब चुकत होता. परिणाम असा की, २०३९ मधील तारीख जपून ठेवली तर ती परत वाचताना १९०३ मधली निघे. कल्पना करावी, एखाद्या वहीत नातवाच्या नोंदीवर पणजोबांची मिती पडावी आणि वाचणाऱ्याला ती खरी वाटावी.

१३/
सह्या करणाऱ्या अनुभवी माणसांपैकी कोणाच्याही हे लक्षात आले नाही. २०१० मध्ये मार्क हॅरिस यांनी ही त्रुटी रीतसर कळवली. दुरुस्ती झाली २०१५ च्या अखेरीस, डेव्हिड टर्नर यांच्या हातून. मधली पाच वर्षे का गेली, याचे कारण समजण्यासारखे आहे. तेव्हा कोणाचेही थेट नुकसान होत नव्हते आणि कर्नलमध्ये आज जळणारी आग आधी विझवली जाते. शिवाय दुरुस्ती अवघड होती. जुन्या कर्नलने चुकीच्या रीतीने लिहिलेल्या १९७० पूर्वीच्या तारखा जगभरच्या डिस्कवर असू शकत होत्या. नियम नुसता बदलला असता तर त्या तारखा २३११ नंतरच्या म्हणून वाचल्या गेल्या असत्या.

१४/
म्हणून टर्नर यांच्या पॅचने जुने चुकीचे लेखनही पुढील काही आवृत्त्यांपर्यंत योग्य अर्थाने वाचण्याची तरतूद ठेवली. मोडी वाचणाऱ्याला ही दृष्टी ओळखीची वाटेल. लेखनिकाची सवय माहीत असली की त्याचा चुकलेला आकडाही बरोबर लावता येतो. या दुरुस्तीच्या नोंदीत हॅरिस यांचेही नाव आहे, ‘रिपोर्टेड-बाय’ म्हणून. ज्याने एकही ओळ लिहिली नाही, फक्त चूक दाखवली, त्यालाही या वहीत मानाची जागा मिळते.

१५/
दुसरी नोंद ड्रायव्हरची. २०१० च्या सुमारास संगणकविश्वात एक स्थित्यंतर जोरात होते. एका खऱ्या यंत्राच्या पोटात अनेक आभासी यंत्रे चालवायची, हे तंत्र रुळत होते. आजचे ‘क्लाउड’ त्यावरच उभे आहे. आत चालणाऱ्या पाहुण्या प्रणालीला बाहेरच्या यजमानाशी बोलण्यासाठी वाट हवी असते. लिनक्समध्ये ‘व्हर्टिओ कन्सोल’ नावाचा ड्रायव्हर हे काम करी, पण त्याची वाट एकेरी, एकाच कामापुरती होती.

१६/
रेड हॅटच्या पुणे कार्यालयातील अमित शाह या अभियंत्याने हा ड्रायव्हर वाढवला. एका उपकरणावर अनेक पोर्ट, प्रत्येक पोर्टला नाव, चालू यंत्रात पोर्ट जोडण्याची आणि काढण्याची सोय. मे २०१० च्या २.६.३४ या आवृत्तीत हे काम आले. कर्नलच्या ‘मेंटेनर्स’ या फाइलमध्ये प्रत्येक विभागाचा जबाबदार माणूस नोंदलेला असतो. या ड्रायव्हरपुढे त्यांचे नाव लागले. मेंटेनर होणे म्हणजे वतन मिळणे नव्हे. इतरांचे पॅच तपासायचे, आपल्याच जुन्या ओळींतील चुका स्वीकारायच्या, नाकारताना कारण द्यायचे. पोर्ट वापरात असतानाच कोणी काढून घेतला तर काय, डेटा येतो आहे आणि वाचणारा प्रोग्राम बंद पडला तर काय, असल्या प्रश्नांचा पाठलाग त्यात येतो. १९९६ मध्ये सीडीवरून लिनक्स घेणाऱ्या देशातील एक अभियंता चौदा वर्षांनी त्याच्या एका दाराचा राखणदार झाला होता.

१७/
तिसरी नोंद थोडी निराळी आहे. सन मायक्रोसिस्टिम्सने २००५ मध्ये ‘झेडएफएस’ ही फाइल सिस्टिम खुली केली. डिस्कवरील मजकूर गुपचूप सडला तर ती ओळखते. प्रत्येक भागासोबत पडताळणीचा आकडा ठेवते आणि दुसरी प्रत असेल तर तिच्यावरून दुरुस्त करते. लिनक्सला ती हवीहवीशी होती. पण सनचा परवाना आणि लिनक्सचा जीपीएल हे दोन्ही खुले असूनही एकमेकांशी जुळत नाहीत, असे कर्नलच्या विकासकांचे मत राहिले. म्हणून झेडएफएसला मुख्य कर्नलमध्ये जागा मिळाली नाही. ती बाहेरून जोडण्याचा भाग म्हणूनच राहिली.

१८/
अमेरिकेच्या लॉरेन्स लिव्हरमोर राष्ट्रीय प्रयोगशाळेने महासंगणकांसाठी तिचे लिनक्सवर रूपांतर आरंभले होते. त्यात सामान्य वापरकर्त्याला लागणारा थर, म्हणजे डिस्क जोडून नेहमीच्या फाइली उघडण्याची सोय, अद्याप नव्हती. २०१० मध्ये पुण्यातील केक्यू इन्फोटेक या छोट्या कंपनीने प्रयोगशाळेच्या कामाचा पाया घेऊन तो थर जोडला आणि जानेवारी २०११ मध्ये आपली आवृत्ती जाहीर केली. एप्रिल २०११ मध्ये एसटेक या अमेरिकी कंपनीने केक्यू विकत घेतली आणि झेडएफएसचे काम तेथेच थांबले.

१९/
बंद कपाटातील सॉफ्टवेअर असते तर गोष्ट इथेच संपली असती. कंपनी विकली गेली की तिचे अपुरे काम नव्या मालकाच्या तळघरात जाते. पण हा मजकूर खुला होता. प्रयोगशाळेच्या प्रकल्पात तो पुढे सामावला गेला. त्या प्रकल्पाची पहिली स्थिर आवृत्ती मार्च २०१३ मध्ये आली, आणि त्याच परंपरेतून आजचे ‘ओपनझेडएफएस’ घडले. कंपनी फार काळ टिकली नाही. काम मात्र टिकले. इतिहासात असे क्वचित घडते, कारण बहुधा उलटे होते : घराण्याचे नाव उरते आणि कारागिरांचे काम कोणाचे होते हे विसरले जाते.

२०/
या वहीच्या मर्यादाही लक्षात घ्याव्या लागतात. स्वीकारलेले पॅच तिच्यात आहेत, नाकारलेले नाहीत. दहा वेळा परत पाठवलेल्या पॅचमागचे महिने तिच्यात दिसत नाहीत. मुख्य वहीत एप्रिल २००५ पूर्वीचे नाहीच. ते जुन्या, वेगळ्या संग्रहांतून जुळवावे लागते. एखादे काम दुसऱ्या प्रकल्पात मुरले की मूळ हातांची ओळख पुसट होते, जसे केक्यूच्या बाबतीत झाले. शिवाय सही अभियंत्याची असली तरी तिच्यामागे त्याचा पगार देणारी कंपनी आणि तिचे हितसंबंध असतात. तीर्थोपाध्यायाच्या वहीतही घरातील पुरुषांची वंशावळ तपशिलाने येते आणि स्त्रियांची नावे अनेकदा गळतात. प्रत्येक साधन काही बोलते आणि काही झाकते. ते झाकलेले ओळखणे हेच अभ्यासकाचे काम.

२१/
तरीही या तीन नोंदींतून एक गोष्ट ठसते. आपल्याकडे तंत्रज्ञानाचा इतिहास सांगताना शोध, संस्थापक आणि विक्रम यांचीच नावे घेतली जातात. कर्नलचा इतिहास मात्र मुख्यतः दुरुस्तीचा आहे. २००७ मध्ये लिहिलेल्या काही ओळी २०१० मध्ये चुकीच्या ठरतात, २०१५ मध्ये सुधारतात, आणि त्यामुळे २०३९ ची तारीख २०३९ चीच राहते. तीन माणसे, त्यांतील दोघांनी तिसऱ्याच्या कामातील उणीव भरून काढलेली, आणि तिघांचीही नावे शाबूत. चूक झालेल्या माणसाचे नाव काढून टाकले गेले नाही, कारण ४०८ वर्षांची भर हीसुद्धा त्याचीच होती.

२२/
ही वही सर्वांसाठी खुली आहे. नाशिकच्या कोणत्याही महाविद्यालयातील विद्यार्थी ती आज आपल्या संगणकावर उतरवून घेऊ शकतो, कोणतीही ओळ निवडून ती कोणी, केव्हा आणि का लिहिली हे पाहू शकतो. पेशवे दफ्तरासाठी इतिहासकारांना परवानगीसाठी किती झगडावे लागले हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना या मोकळीकीचे महत्त्व वेगळे सांगायला नको. आणि जो वाचतो, त्याला लिहिण्याचाही अधिकार आहे. पहिली नोंद बहुतेकांची अगदी लहान असते : दस्तऐवजातील एक चुकलेला शब्द, न तपासलेली एक त्रुटी, एखाद्या जुन्या उपकरणाच्या ड्रायव्हरमधील विसरलेली एक ओळ. नोंद लहान असली तरी तिच्याखाली सही करावीच लागते.

लेखनसीमा.